खालच्या पट्टीत लिहिलेलं जातं कुठे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाने बंगळूरहून विंडोज ११ चा नवा संगणक पाठवलाय. खालच्या पट्टीतल्या शोधाच्या चौकटीत काहीही लिहिलं की मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर उघडतो आणि त्यांच्याच बिंग या शोधयंत्राचं पान येतं. क्रोम डीफॉल्ट, म्हणजे नेहमीचा ब्राउझर, करून बघितलं, तरी तसंच. पूर्वीच्या संगणकावर डेस्कटॉपवरच एक चौकट होती, तिच्यात लिहिलं की सरळ गूगल यायचं. तसं आता करता येईल का, आणि तेही मराठीत लिहून? शिवाय विंडोज १० चा जुना संगणक पडून आहे, तो नातवाला द्यावा का?

गुरुजी, करता येतं. पण आधी तुमच्या हातून काही चुकलेलं नाही एवढं सांगतो. क्रोम डीफॉल्ट केल्यावर ईमेलमधली लिंक क्रोममध्ये उघडते, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट क्रोममध्ये उघडतो. पट्टीतली चौकट मात्र ती निवड जुमानत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या एप्रिलमध्ये जाहीरच केलं होतं की विंडोज १० च्या त्या चौकटीतला वेबशोध फक्त एज आणि बिंगमधूनच चालेल. विंडोज ११ मध्येही आपल्याकडे तेच चालू आहे. युरोपात कायद्यामुळे त्यांना ही अट सैल करावी लागली, भारतात तसा कायदा नाही. एजमध्ये जाऊन गूगल निवडलंत तरी ते एजच्या पत्त्याच्या पट्टीपुरतं राहतं, खालची चौकट बिंगवरच जाते. याला चकवणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतलं एक बरंच चाललं होतं, तर २०२१ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने तो मार्गच बंद केला. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या संगणकात असलं काही घालत नाही. आज चालतं, पुढच्या अपडेटला बंद पडतं, आणि मग फोन येतो, "सर, ह्यात कायच येईना की हो."

तुम्हाला आठवणारी चौकट बहुधा ‘गूगल डेस्कटॉप’ची असावी. ते २००४ साली आलं. कंट्रोलचं बटण दोनदा दाबलं की पडद्यावर चौकट यायची, तिच्यात स्वतःच्या फायलीही सापडायच्या आणि वेबवरचंही शोधता यायचं. बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात कितीतरी घरांत मी ते बसवून दिलं होतं. २०११ मध्ये गूगलने ते बंद केलं. तेव्हापासून लोक तसंच काहीतरी मागताहेत.

त्या मागणीत एक गोष्ट सुटून जाते, ती आधी बोलतो. एकाच चौकटीत घरातलं आणि बाहेरचं दोन्ही शोधायचं म्हटलं, तर लिहिलेलं प्रत्येक अक्षर बाहेर जाऊ शकतं. तुम्ही ‘पेन्शन’ असं नाव दिलेली आपलीच फाईल शोधताय, पण सुचवण्या दाखवायच्या म्हणून तो शब्द टंकता टंकताच कंपनीच्या सर्व्हरकडे गेलेला असतो. उबंटू या लिनक्समध्ये (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) २०१२ च्या ऑक्टोबरात असंच केलं होतं. स्वतःची फाईल शोधायला लिहिलेल्या शब्दांवर ॲमेझॉनचा माल दिसायला लागला. त्यावर मोठा गदारोळ झाला, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटलं, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवून दिलं गेलं. आपल्याकडचे एक व्यापारी बँकेची पीडीएफ शोधायची म्हणून विंडोजच्या खालच्या चौकटीत आपला पूर्ण खातेक्रमांक लिहायचे, कारण फाईलचं नावच तसं होतं. रोज, महिनोन्‌महिने. काही विपरीत घडलं नाही, पण कळल्यावर ते गप्पच झाले.

म्हणून माझा सल्ला असा की खालची चौकट घरातल्या वस्तूंसाठी ठेवा आणि वेबसाठी वेगळी, तितकीच जवळची वाट करा. दोन्ही एकेका बटणावर आणता येतात.

घरातली वाट आधी. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली शोधाचं पान आहे. तिथे ‘सर्च हायलाइट्स’ बंद करा, म्हणजे चौकट उघडताच येणारी चित्रं आणि बातम्या जातील. शोधाचा इतिहास ठेवण्याचा पर्यायही तिथेच आहे, तोही बंद करा. एवढ्याने वेबवरच्या सुचवण्या मात्र थांबत नाहीत. त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक नोंद करावी लागते: चालू वापरकर्त्याच्या भागात, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर या वाटेवर ‘डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स’ हे शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, ३२ बिटांच्या डीवर्डचं नाव म्हणून द्यायचे आणि किंमत १ ठेवायची. एक्सप्लोररचा कप्पा तिथे नसला तर आधी तो करायचा. मग संगणक बंद करून पुन्हा चालू. यानंतर चौकटीत फक्त तुमचे प्रोग्रॅम, फायली आणि सेटिंग्ज दिसतात. हे काम तुम्ही स्वतः करू नका, गुरुजी. मुलगा दिवाळीला येईल तेव्हा त्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवायला सांगा.

आता वेबची वाट. यातली सगळ्यांत साधी आणि मी सगळ्यांत जास्त शिकवतो ती ही. क्रोमचं चिन्ह खालच्या पट्टीत पिन करा आणि माउसने ओढून चिन्हांमध्ये पहिलं करा. आता विंडोजचं बटण दाबून १ दाबा. क्रोम उघडतं आणि नव्या पानावर कर्सर पत्त्याच्या पट्टीतच लुकलुकत असतो. लिहा, एंटर मारा, झालं. क्रोम आधीच चालू असेल तर विंडोज आणि १ ने ते पुढे येतं, मग कंट्रोल आणि टी दाबलं की नवा टॅब. हातातलं पान तसंच ठेवून वेगळी खिडकी हवी असेल तर विंडोज, शिफ्ट आणि १. काही बसवायचं नाही, काही बिघडायचं नाही, अपडेटने काही जायचं नाही. लोकांना वाटतं डेस्कटॉपवरून शोधणं म्हणजे डेस्कटॉपवर चौकट दिसली पाहिजे. खरं तर हात माउसकडे जाऊ नये एवढंच हवं असतं. आठवडाभर केलंत की बोटं आपोआप जातात.

चौकटच पाहिजे असा आग्रह असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘पॉवरटॉईज’ नावाचं मोफत साधन आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेता येतं. त्यातला ‘रन’ हा भाग चालू केला की ऑल्ट आणि स्पेस दाबल्यावर पडद्याच्या मध्ये चौकट येते. तिच्यात आधी ?? ही दोन चिन्हं देऊन पुढे शब्द लिहिले की शोध तुमच्या डीफॉल्ट ब्राउझरमध्ये जातो. म्हणजे क्रोम आणि गूगल. एकाच कंपनीची एक चौकट तुमची निवड पाळत नाही आणि दुसरी पाळते, याचं नवल करत बसू नका, वापरा. मला यातली ती दोन चिन्हंच आवडतात. ती दिल्याशिवाय वेबवरचा शोध वर येत नाही, म्हणजे आपण घराबाहेर पडतोय हे दर वेळी आपल्यालाच कळतं. मात्र संगणकात मेमरी ४ जीबीच असेल तर हे साधन सतत चालू ठेवल्याचा भार जाणवतो. तेव्हा पहिलीच वाट बरी.

जुन्या विंडोजमध्ये खालच्या पट्टीत पत्त्याची एक वेगळी पट्टी जोडता यायची, तीही काहींना आठवत असेल. विंडोज ११ मध्ये ती काढून टाकली आहे. मॅक असेल तर कमांड आणि स्पेसने स्पॉटलाइट उघडा, शब्द लिहा आणि कमांड आणि बी दाबा.

आता मराठीचं. आपल्या भागात शोध अडतो तो बहुतेक वेळा इथे.

तुम्ही शाळेत असताना प्रश्नपत्रिका श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप झाल्या असतील. बेळगावातल्या छापखान्यांत लग्नपत्रिका अजूनही तशाच होतात. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाँट बदलला की लगेच कळतं. तसलं अक्षर शोधाच्या चौकटीत चिकटवलं तर काहीही सापडणार नाही, वेबवरही नाही आणि तुमच्या फायलींतही नाही. मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखंच साठवलं जाणाऱ्या पद्धतीत, लिहायला हवं. त्यासाठी आता बाहेरचं काही बसवावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या पानावर मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आपोआप येतो. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबून लिहायचं असेल तर त्याच ठिकाणी ‘मराठी फोनेटिक’ जोडा, तो २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल.

बहुतेक जण फोनेटिक घेतात आणि त्यात वाईट काही नाही. पण सीमाभागातल्या माणसाने इन्स्क्रिप्ट शिकावं असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. इन्स्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांसाठी बटणांची जागा एकच ठरवलेली आहे. ज्या बटणावर मराठीत ‘क’ त्याच बटणावर कन्नडचा ‘क’, ज्यावर आपली वेलांटी त्यावरच त्यांची. कन्नड कीबोर्ड जोडून ठेवलात तर तीच बोटं त्याच जागी चालवून कन्नड शब्द टंकता येतो. लिपी नीट लिहिता येत नसली तरी. आपली कामं ज्या कार्यालयांत आहेत त्यांच्या वेबसाइटवरचा बराच मजकूर कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शब्दाने तो सापडत नाही. महिनाभर रोज अर्धा तास, तुमच्यासारख्या शिक्षकाला ते अवघड नाही.

शब्द कोणता द्यायचा हेही सांगतो, कारण इथे मी लोकांचे दिवस वाया गेलेले पाहिलेत. आपण घरात ‘उतारा’ म्हणतो, चंदगडचे पाहुणे ‘सातबारा’ म्हणतात, म्हणून आपणही चौकटीत ‘सातबारा ऑनलाइन’ लिहितो. मग महाराष्ट्राचं महाभूलेख उघडतं. तिथे जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव असणारच नाही. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, आपल्या गावाचं नावच सरकारने काढून टाकलं या काळजीने. त्यांची जमीन खानापूर तालुक्यातली. कर्नाटकात तो कागद आरटीसी, म्हणजेच पहाणी, आणि तो ‘भूमी’ या प्रणालीत मिळतो. ‘भूमी आरटीसी कर्नाटक’ असं लिहिलं की बरोबर जागा येते. तिथे जिल्हा आणि तालुका यांच्या पुढे होबळी, म्हणजे काही गावांचा महसुली गट, विचारतात, जी महाराष्ट्रात नसतेच, आणि गट क्रमांकाऐवजी सर्व्हे नंबर आणि हिस्सा लागतो. कन्नड कीबोर्डवरून शोधायचं असेल तर कन्नडमध्ये तो शब्द ‘पहणि’ असा आहे, ‘ह’ला काना नाही आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला हवा असेल तर नुसतं ‘उत्पन्नाचा दाखला’ लिहू नका. महाराष्ट्राची पानं भराभर येतील आणि तुम्ही त्यांच्या अटी वाचत बसाल. ‘नाडकचेरी’ हा शब्द द्या, कर्नाटकात दाखले देणारं कार्यालय ते. चंदगड-गडहिंग्लजकडे जमीन असेल तर मात्र महाभूलेख बरोबर आहे. अशी दोन्हीकडे जमीन असलेली कितीतरी घरं आपल्याकडे आहेत आणि त्यांनी दोन्ही वाटा वेगळ्या ठेवाव्यात.

गावाच्या नावाचंही तसंच. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं. आपण बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू, पण सरकारी आदेश, निविदा, रेल्वेचं आरक्षण शोधताना इंग्रजीत नवं स्पेलिंग द्या. २०१४ च्या आधीचं काही हवं असेल, जुन्या बातम्या, पुस्तकं, न्यायालयाचे निकाल, तर जुनं स्पेलिंग द्या. एकदा एक, एकदा दुसरं, असं दोन्हीने शोधल्याशिवाय ‘सापडत नाही’ म्हणू नका.

मराठी शब्द शक्यतो मूळ रूपात द्या. ‘बेळगावातल्या शाळांमधील’ असं लिहिण्यापेक्षा ‘बेळगाव शाळा’. आपली विभक्ती शब्दाला चिकटते आणि शब्दाचं रूपही बदलते, ते ओळखणं शोधयंत्राला इंग्रजीइतकं अजून जमत नाही. ‘ॲप’सारखे शब्दही दोन तऱ्हांनी साठवले जातात. कुणी ॲ हे एकच अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं. दिसायला सारखंच, आत वेगळं. स्वतःच्या फायलींना नावं देताना एकच पद्धत ठेवा.

रोज लागणाऱ्या चार-दोन सरकारी पानांसाठी मात्र शोधूच नका. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं बटण दाबा, नवीन, शॉर्टकट, आणि त्या पानाचा पूर्ण पत्ता चिकटवा. भूमी, नाडकचेरी, बँक, पेन्शन, प्रत्येकाचं वेगळं चिन्ह होईल आणि ते क्रोममध्येच उघडेल, कारण इथे तुमची डीफॉल्टची निवड पाळली जाते. चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की हा रकाना आहे, त्यात बी दाबलंत की कंट्रोल, ऑल्ट आणि बी या तीन बटणांवर ते पान उघडेल. पत्ता चिकटवण्याआधी तो खरोखर त्याच कार्यालयाचा किंवा बँकेचा असल्याचं नीट वाचून घ्या.

हे इतकं सांगतोय ते सोयीपेक्षा सुरक्षिततेसाठी. ओळखीच्या एका काकूंनी घाईत चौकटीत बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ लिहिलं, पहिला दिसला तो नंबर लावला. तो बँकेचा नव्हता, पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. पलीकडचा माणूस गोड बोलला, फोनमध्ये एक ॲप घ्यायला लावलं, आणि दहा मिनिटांत ३८ हजार रुपये गेले. त्यांनी शरमेने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. असं कुणाच्या बाबतीत झालं तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बँकेचा नंबर वेबवर शोधायचा नाही. तो पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला असतो. शोधाच्या पानावर ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं की ते ओलांडून खाली जा, मग ते गूगल असो की बिंग.

बिंगबद्दल एक सांगायला हवं. ते वाईट नाही. इंग्रजीत नेहमीचं काही शोधायचं असेल तर चालतं. मराठीत मला गूगल जास्त भरवशाचं वाटतं, आणि सीमाभागातल्या लहान गावांची नावं तर त्यावर लवकर सापडतात. पण निवड तुमची असावी, चौकटीची नव्हे, म्हणून एवढा खटाटोप.

राहिला जुना संगणक. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे त्यातल्या सुरक्षेच्या फटी आता नेहमीसारख्या बुजवल्या जात नाहीत. तसाच नातवाला देऊन त्यावर इंटरनेट चालू करू नका, आणि बँकेचं काम तर अजिबात नको. त्यावर लिनक्स घाला. केडीई नावाचा डेस्कटॉप असलेलं घेतलंत तर ऑल्ट आणि स्पेस दाबल्यावर ‘केरनर’ची चौकट येते, इंग्रजीत जी दोनदा आणि विसर्गासारखे दोन ठिपके देऊन शब्द लिहिला की गूगल, डब्ल्यू आणि पी देऊन लिहिला की विकिपीडिया. तुमच्या आठवणीतल्या त्या चौकटीच्या सगळ्यांत जवळचं आज हेच आहे. कीबोर्डच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही इन्स्क्रिप्ट त्याच वेळी जोडून द्या, पोराची बोटं अजून कोवळी आहेत. संगणक माझ्याकडे घेऊन यायचं झालं तर आतल्या फोटोंची आणि कागदांची प्रत आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण लिनक्स घालताना डिस्क पूर्ण पुसली जाते.